केसपेपरावरचा अंश, गावातला छेद

कॅन्सरच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला पहिल्या दिवशी कोणी उपचाराचे निर्णय घ्यायला सांगत नाही. त्याच्या किंवा तिच्या हातात येतो तो केसपेपर. नाव, वय, गाव, मुले किती, तंबाखू किंवा मिश्री लावता का, आणि मग तो प्रश्न : त्रास कधीपासून आहे? सोलापूर, उस्मानाबाद, बीड या भागांतून आलेली बाई याचे उत्तर तारखेने देत नाही. दिवाळीच्या आधीपासून अंगावरून पांढरे जाते. सुगी झाली तेव्हापासून कंबर दुखते. पाळी गेली होती, ती थोरलीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू झाली. डॉक्टर मनाशी हिशेब करून रकान्यात आकडा लिहितो : सहा महिने, दहा महिने, दीड वर्ष.

या एका रकान्यात काय दडलेले आहे, याचा माग सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी येथे गेली चार दशके काढला जात आहे. त्यातून निघालेल्या निष्कर्षांनी जगभरातल्या आरोग्यधोरणावर परिणाम केला. कॅन्सर म्हटले की आपल्याला मुंबईचे टाटा रुग्णालय आठवते आणि ते योग्यच आहे. पण तालुक्याच्या एका गावाने या विषयात जी भर घातली, ती आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे दिसत नाही.

आधी वॉर्डाविषयी थोडे. केसपेपर लिहिणाऱ्या या डॉक्टरला आपण निवासी डॉक्टर म्हणतो. जुनी माणसे हाऊसमन म्हणत. शिकणाऱ्या डॉक्टराने रुग्णालयातच मुक्काम करायचा, रात्रंदिवस रुग्णांजवळ राहायचे आणि पायरीपायरीने जबाबदारी घ्यायची, ही पद्धत १८८९ मध्ये उघडलेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजली. तेथील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड हे तिचे एक जनक. स्तनाच्या कॅन्सरवरील मोठ्या शस्त्रक्रियेसाठीही त्यांचेच नाव घेतले जाते. सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हीच पद्धत येथेही आली.

आता त्या पन्नाशीच्या बाईकडे वळू. तिला गर्भाशयमुखाचा, गावातल्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर आहे. केसपेपर लिहून झाल्यावर निवासी डॉक्टरने शिकायची दुसरी गोष्ट म्हणजे रोगाची अवस्था ठरवणे. गाठ गर्भाशयमुखापुरतीच असेल तर पहिली अवस्था. ती बाहेर पसरली, पण कटिराच्या भिंतीपर्यंत पोहोचली नाही, तर दुसरी. भिंतीला टेकली, योनिमार्गाच्या खालच्या भागात उतरली किंवा मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड फुगवले, तर तिसरी. मूत्राशयात, गुदाशयात किंवा दूरच्या अवयवांत गेली तर चौथी. यांतले बरेचसे डॉक्टर बोटांनी तपासून ठरवतो. नवशिक्याला आधी काहीच कळत नाही. वरिष्ठ तपासतात, मग तो तपासतो, मग दोघे आपापले मत सांगतात. अशा शंभर तपासण्यांनंतर बोटांना मऊ ऊती आणि कडक गाठ यांतला फरक कळू लागतो.

या अवस्थांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनेक शहरांत रेडियमने या कॅन्सरवर उपचार होऊ लागले. कोणी म्हणे आमचे चाळीस टक्के रुग्ण पाच वर्षे जगतात, कोणी म्हणे आमचे वीस. पण चाळीस टक्केवाला फक्त लहान गाठी घेत असेल आणि वीस टक्केवाला आलेल्या प्रत्येकीला घेत असेल, तर त्या आकड्यांची तुलना कशी करायची? हा वाद सोडवण्यासाठी राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने १९२९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अवस्था ठरवून दिल्या. एखाद्या कॅन्सरसाठी सर्व देशांनी मिळून मान्य केलेली ही पहिली मोजपट्टी. युद्ध थांबवणे राष्ट्रसंघाला जमले नाही, पण त्याची ही मोजपट्टी सुधारणा होत होत आजही वापरात आहे. ती बोटांच्या तपासणीवर बेतली, कारण जिथे एक्स-रे यंत्रही नाही तिथल्या डॉक्टरलाही ती वापरता यावी. स्कॅन आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी यांना अवस्था ठरवताना अधिकृत जागा मिळाली ती २०१८ मध्ये.

अवस्था ठरली की उपचार. या कॅन्सरमध्ये मुख्य आधार किरणोपचाराचा. कोबाल्ट-६० या समस्थानिकाचे किरण रुग्णावर सोडण्याची सुरुवात १९५१ मध्ये कॅनडात झाली आणि पुढे कोबाल्टचे यंत्र भारतातल्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले. वर्गात अर्धायुकाल शिकवताना हे उदाहरण घ्यावे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे सव्वापाच वर्षे. म्हणजे नवा स्रोत बसवला त्या वर्षी एका बाईला दोन मिनिटे यंत्राखाली ठेवावे लागत असेल, तर सव्वापाच वर्षांनी तेवढ्याच मात्रेसाठी चार मिनिटे लागतात. स्रोत दर महिन्याला साधारण एका टक्क्याने मंदावतो. वेळेवर बदलला नाही तर यंत्राबाहेरची रांग लांबत जाते आणि दिवसाचे तास काही वाढत नाहीत.

किरणोपचाराच्या जोडीला सिसप्लाटिन हे औषध देतात. त्याचा शोध अपघातानेच लागला. १९६५ मध्ये अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग विद्युतक्षेत्राचा जीवाणूंवर होणारा परिणाम पाहत होते. जीवाणू विभागायचे थांबले आणि शेवयांसारखे लांब वाढले. कारण शोधता लक्षात आले, की वीज यात निर्दोष आहे. विद्युतअग्रांमधून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाचा हा प्रताप आहे. पेशींचे विभाजन थांबवणारा पदार्थ कॅन्सरवर चालेल, हा पुढचा विचार ओघानेच आला. पण हे औषध मूत्रपिंडांना इजा करते. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखवले, की औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाइन दिले आणि लघवी भरपूर होऊ दिली, तर ही इजा बरीच टळते. तेव्हापासून निवासी डॉक्टरच्या कामात एका गोष्टीची भर पडली : सलाइनच्या बाटल्या मोजणे आणि लघवीचा तक्ता भरणे. १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचाराबरोबर दर आठवड्याला हे औषध देण्याची शिफारस झाली.

मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घ्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा, ३६०० ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. १५० सेंटिमीटर उंचीच्या, ४० किलो वजनाच्या बाईचे क्षेत्रफळ येते जवळपास १.३ चौरस मीटर, आणि मात्रा सुमारे ५० मिलिग्रॅम. विद्यार्थ्यांना हे गणित घालून पाहावे. वर्गमुळाचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणारे एखादे पोर प्रत्येक वर्गात असते.

गणित सुटते, पण औषध प्रत्येक वेळी देता येतेच असे नाही. तिसऱ्या अवस्थेत आलेल्या कित्येक बायकांच्या मूत्रवाहिन्या गाठीने दाबलेल्या असतात. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले असते. ज्या मूत्रपिंडांना सिसप्लाटिनपासून वाचवायचे, ती रोगाने आधीच निकामी होत आलेली. निवासी डॉक्टर प्रयोगशाळेचा कागद पाहतो, पुन्हा केसपेपर पाहतो. तिथे दीड वर्ष असे लिहिलेले असते.

उशिरा आलेल्या बायकांसाठी हे जोडउपचार किती उपयोगी आहेत, याचे उत्तर टाटा रुग्णालयाने दिले. तिसऱ्या अवस्थेतल्या ८५० स्त्रिया या अभ्यासात होत्या. त्यांची निवड २००३ ते २०११ अशी आठ वर्षे चालली होती आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त किरणोपचार मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. बरोबर सिसप्लाटिन मिळालेल्यांपैकी ५४ टक्के. शंभरांत आठ बायका अधिक. वॉर्डातल्या कामाच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे. राहिलेल्या ४६ जणींचे काय, हा प्रश्नही त्याच आकड्यात आहे.

त्यांच्यासाठी निदान वेदना कमी करण्याचे औषध तरी असायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. गोळी स्वस्त असते आणि तोंडाने घेता येते. भारतात अफूची कायदेशीर शेती होते आणि माल परदेशी जातो. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची आणि शिक्षेची अशी काही धास्ती घातली, की रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घटून वर्षाला १८ किलोवर आला. इतक्या मोठ्या देशासाठी १८ किलो! कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये. मधल्या तीस वर्षांत किती वॉर्डांत रात्रपाळीचा डॉक्टर अपुऱ्या गोळ्या हातात घेऊन उभा राहिला असेल, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. आम्हांला हा आपल्या वैद्यकीय इतिहासातला एक लाजिरवाणा कालखंड वाटतो.

आता वॉर्डाची एक मर्यादा पाहू. आमच्या वाचकांतल्या गणिताच्या शिक्षकांना ती चटकन कळेल. एका वर्षात वॉर्डात साठ बायका आल्या असे समजू. हा झाला अंश. पण छेद कोणता? तालुक्यात एकूण किती बायका आहेत, त्यांतल्या किती जणींना हा रोग झाला, किती जणी वाटेतल्या डॉक्टरपाशीच थांबल्या, किती जणी घरीच गेल्या? वॉर्डाला यातले काहीच दिसत नाही. पुढच्या वर्षी साठाच्या नव्वद झाल्या तर रोग वाढला, की एस. टी. ची नवी गाडी सुरू झाली, हे वॉर्डात बसून सांगता येणार नाही. छेद नसलेला अपूर्णांक वाचता येत नाही.

छेद मिळवण्यासाठी ठरावीक प्रदेशातल्या प्रत्येक नव्या कॅन्सरची नोंद करावी लागते. अशी नोंदणी भारतात प्रथम मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे इंडियन कॅन्सर सोसायटी आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८२ पासून मुंबई, बंगलोर आणि मद्रास येथील नोंदण्या एका राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आणल्या. तिन्ही शहरे. पण तेव्हा देशातली चारांतली तीन माणसे खेड्यांत राहत होती आणि त्यांच्याविषयी काहीच माहीत नव्हते.

इथे बार्शी येते. भगवंताचे देऊळ, बाजारपेठ आणि १८९७ मध्ये सुरू झालेली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे यांसाठी हे गाव प्रसिद्ध. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अश्विनी ग्रामीण कॅन्सर संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला येथे कॅन्सरचे रुग्णालय उभे केले. अभिनेत्री नर्गिस दत्त १९८१ मध्ये कॅन्सरने वारल्या होत्या. त्यांचे नाव रुग्णालयाला दिले. आणि १९८७ मध्ये, वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने, भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. संख्याशास्त्राची बाजू डॉ. कस्तुरी जयंत यांनी सांभाळली.

शहरातली पद्धत येथे चालणार नव्हती. मुंबईत नोंदणीचा माणूस रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत जाऊन कागद तपासतो, महापालिकेचे मृत्यूचे दाखले पाहतो. परांडा तालुक्यातली म्हातारी घरीच वारली, तर दाखल्यावर कारण लिहिलेले असते ‘वृद्धापकाळ’, आणि तेही दाखला काढला असेल तर. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटा मार्ग धरला. ते ठरावीक काळाने गावोगाव जात. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, दाई, गावातले डॉक्टर यांना भेटत. कॅन्सरची लक्षणे काय असतात ते बैठक घेऊन सांगत आणि मग विचारत, असे कोणी तुमच्या माहितीत आहे का? ज्यांच्याविषयी शंका येई त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात आणत. शिवाय बार्शी-सोलापूरपासून मुंबईपर्यंतच्या रुग्णालयांच्या नोंदी जुळवून पाहत. शिक्षकांचा येथे मुद्दाम उल्लेख केला, कारण अशा कामात गावात कोण आजारी आहे हे मास्तरांना विचारण्याची रीत पडून गेली होती.

पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, लोकसंख्येच्या प्रमाणात ग्रामीण भागातला एकूण कॅन्सर मुंबईच्या जवळपास निम्मा होता. दुसरी, बायकांच्या कॅन्सरांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर बाकी सर्वांपेक्षा कितीतरी पुढे होता, तर मुंबईत स्तनाचा कॅन्सर पुढे चालला होता. म्हणजे वॉर्डातल्या खाटांवर जे दिसत होते तो आभास नव्हता. छेद घालूनही ते टिकले.

आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. मोजणी करायला म्हणून गेलेल्या कार्यकर्त्यांनी लक्षणे सांगितली, त्यामुळे बायका लवकर येऊ लागल्या. पहिल्या दोन अवस्थांत सापडणाऱ्यांचा वाटा काही वर्षांतच वाढला. डॉ. जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नव्हते. जीप, माहितीचे तक्ते आणि बोलायला न लाजणारी माणसे एवढ्यावर हे झाले होते.

येथे समाधान मानून थांबता आले असते. पण लवकर सापडणे आणि जीव वाचणे या दोन गोष्टी एकच आहेत का, हे तपासावे लागते. समजा एका बाईला १९९० मध्ये रोग सुरू झाला आणि १९९८ मध्ये ती त्याने वारली. निदान १९९७ मध्ये झाले असते तर ‘निदानानंतर एक वर्ष जगली’ असे आपण लिहिले असते. तपासणीमुळे निदान १९९३ मध्येच झाले, पण मृत्यू १९९८ मध्येच आला, तर आपण लिहू ‘पाच वर्षे जगली’. आकडा पाचपट झाला. बाईच्या पदरात पडली ती आजाराची जाणीव असलेली चार जादा वर्षे. हा फसवा फायदा ओळखण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे : तपासणी झालेल्या आणि न झालेल्या सारख्याच गटांत किती मृत्यू झाले ते मोजायचे. नेमका याच ठिकाणी विज्ञानाचा प्रश्न नीतीच्या प्रश्नात अडकतो.

तो अभ्यास बार्शीलगतच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्योंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला, डॉ. आर. शंकरनारायणन त्याचे प्रमुख होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे समूह चार गटांत वाटले. व्यक्तींऐवजी गावे वाटण्याचे कारण साधे आहे. एकाच आळीतल्या एका बाईला तपासणीला न्यायचे आणि शेजारणीला नाही, हे गावात चालत नाही.

एका गटात पॅप तपासणी झाली. गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ही पद्धत जॉर्ज पॅपॅनिकोलाऊ यांची; तिला प्रशिक्षित डोळे आणि प्रयोगशाळा लागते. दुसऱ्या गटात सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्या गटात मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी झाली. हा विषाणू आणि हा कॅन्सर यांचे नाते जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांनी १९८० च्या दशकात दाखवले होते आणि त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. विषाणूची लागण ते कॅन्सर हा प्रवास बहुधा दहा-वीस वर्षांचा असतो, त्यामुळे वाटेत गाठण्यास भरपूर सवड मिळते. चौथ्या गटाची तपासणी केली नाही. त्यांना आजाराची माहिती दिली आणि तपासणी कोठे होऊ शकते ते सांगितले.

बोलावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बायका तपासणीला आल्या. घरकाम, रोजगार, दुष्काळ आणि लाज या चौघांना ओलांडून आल्या, हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे मोल कळते. दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले आणि मग सर्व गटांची आठ वर्षे पाहणी झाली.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ३४ या कॅन्सरने वारल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ६४ वारल्या. अंशाला छेद देऊन पाहा : हजारी एक आणि हजारी दोन. पॅपच्या गटात ५४ आणि व्हिनेगरच्या गटात ५६ मृत्यू झाले; हा फरक योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणता येण्याइतका मोठा नव्हता. विषाणू-चाचणीत दोष न आढळलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचे प्रमाण वर्षाला लाखी ३.७ होते. पॅपमध्ये निर्दोष ठरलेल्यांत ते १५.५ आणि व्हिनेगर-तपासणीत निर्दोष ठरलेल्यांत १६ होते. आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल तर ती कोणती असावी, याचे उत्तर मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागे उस्मानाबादच्या बायकांचा हा पुरावा आहे. व्हिनेगरची पद्धत मात्र निरुपयोगी समजू नये. मुंबईच्या वस्त्यांत ती दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण घेतलेल्या, फारशा न शिकलेल्या आरोग्यसेविकांनी ते काम केले होते.

राहिला चौथा गट. त्या ६४ जणींचे काय, असा प्रश्न विचारला गेला आणि जोराने विचारला गेला. अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये भारतातल्याच वैद्यकीय नीतिविषयक नियतकालिकात लिहिले, की भारतात झालेल्या अशा तीन अभ्यासांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांतल्या २५४ या कॅन्सरने वारल्या. फिनलंडने १९६३ पासून पॅप तपासणी देशभर नेऊन हे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी कमी केले होते. मग तपासणीने जीव वाचतात हे पुन्हा सिद्ध करण्यासाठी तपासणीविना गट कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. संशोधकांचे म्हणणे असे, की तपासणी न होणे हीच जिल्ह्यातली चालू स्थिती होती. फिनलंडच्या प्रयोगशाळा उस्मानाबादेत नव्हत्या आणि येथे कोणती पद्धत चालते हे कोणालाच माहीत नव्हते. पॅपच्या गटातला निकाल पाहिला तर या म्हणण्यात तथ्य आहे हे दिसते. फिनलंडला जे जमले ते येथे एका तपासणीत जमले नाही.

पण आम्हांला आक्षेपही झटकून टाकण्यासारखा वाटत नाही. ‘चालू स्थिती’ हा शब्द फार सोयीचा आहे. जिल्ह्यात तपासणी नव्हती ती कोणत्या निसर्गनियमामुळे नव्हे. कोणी ती नेली नव्हती म्हणून नव्हती. संशोधकांनी ती स्थिती निर्माण केली नाही हे खरे, पण चौथ्या गटाच्या गावांत त्यांचे कार्यकर्ते जात होते, बायकांची नावे त्यांच्या वहीत होती. मोजणाऱ्याला छेद दिसू लागला की छेदातली माणसे ओळखीची होतात. वरिष्ठ विद्यार्थ्यांसमोर ही दोन्ही मते ठेवून वर्गात एक तास चर्चा करावी. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

याच बार्शीचा संबंध पुढे आणखी एका अभ्यासाशी आला, आणि त्यात योगायोगाचा मोठा वाटा होता. विषाणूविरुद्धची लस निघाल्यावर, २००९ पासून, भारतात बार्शीसह अनेक केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींना ती देण्यास सुरुवात झाली. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्याच एका लसप्रकल्पावरून देशात वादळ उठले आणि २०१० मध्ये सरकारने असे सर्व अभ्यास थांबवले. तोपर्यंत १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. पण पुढच्या मात्रा राहून गेल्या, त्यामुळे कित्येकींना एकच मात्रा मिळाली होती. एकच मात्रा देऊन पाहण्याची परवानगी तेव्हा कोणी मागितली असती तर ती मिळाली नसती. संशोधकांनी या मुलींची पाहणी सोडली नाही. दहा वर्षांनी दिसले, की मुख्य दोन विषाणूंच्या टिकाऊ लागणीविरुद्ध एका मात्रेने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही बाजारात आली.

लस घेतली तेव्हा त्या मुली शाळा-कॉलेजात होत्या. त्यांतल्या थोरल्या आता तिशी ओलांडून गेल्या आहेत, म्हणजे ज्या वयापासून उस्मानाबादच्या गावांत बायकांना तपासणीला बोलावले होते त्या वयात आल्या आहेत. धाकट्याही त्या वयाच्या जवळ येत आहेत.